पण घाटात?

गाडी घेणारी माणसं वेगळी आणि गाडी निवडणारी वेगळी. पहिली शोरूममध्ये जातात, दुसरी वही करतात.

काकांची वही लाल पुठ्ठ्याची. भाच्यानं चिपळूणहून आणलेली. अमेरिकेत उभी हयात गेली तरी महत्त्वाचे विषय काकांना फुलस्केप वहीतच सुचतात. पहिल्या पानावर वर 'श्री', खाली 'ट्रक', आणि त्याखाली तीन आकडे: ३.४२, ३.७३, ४.१०. पुढची सगळी पानं म्हणजे या तिघांचं भांडण. मध्येच एका पानावर काकूंनी वाण्याची यादी केली आहे. तीसुद्धा काकांनी फाडलेली नाही, कारण मागच्या बाजूला ३.७३ च्या बाजूचा एक चांगला मुद्दा आहे.

काका राहतात डेन्व्हरजवळ. तिथं ट्रक म्हणजे आपल्याकडे 'हॉर्न ओके प्लीज' लिहून फिरतो तो नव्हे. चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा, बॉनेटची उंची काकूंच्या खांद्याएवढी. हे पिकअप तिथल्या निम्म्या घरांसमोर उभे दिसतात. त्यातला डिझेलवाला दणकट ट्रक घ्यायचा, त्याच्यामागे राहायचा ट्रेलर लावायचा आणि काकूंना घेऊन देश बघायचा, ही काकांची निवृत्तीची योजना. ट्रेलर पहिल्याच वर्षी आला. अठ्ठावीस फुटी, भरून सात हजार पौंडांच्या आत. आला आणि ड्राइव्हवेत उभा राहिला. कारण तो ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या एक्सलचा रेशो ठरायचा होता.

हा रेशो म्हणजे काय, हे मला काकांनी गणपतीच्या आरतीला समजावलं. म्हणजे आरती सुरू असतानाच. इंजिनापासून निघालेला दांडा मागच्या एक्सलमध्ये शिरतो. त्याच्या टोकाला असतो छोटा पिनियन. तो फिरवतो मोठ्या क्राऊनला आणि क्राऊन फिरवतो चाकांना. दांड्याचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, तो रेशो. आकडा मोठा असेल तर गाडी जोर लावून ओढते, पण इंजिन जास्त फिरतं आणि डिझेलही जास्त पितं. आकडा लहान असेल तर गाडी निवांत पळते आणि ओझं लागलं की गिअर खाली टाकते. "क्राऊनला दाते एक्केचाळीस," काका टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले. "पिनियनला बारा असले की ३.४२. अकरा असले की ३.७३. आणि दहा असले की?"

"४.१०," मी म्हणालो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं कडवं मी जरा मोठ्यानंच म्हटलं.

म्हणजे भांडण सगळं एका दाताचं. हे काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या प्रसादाची शिरापुरी वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझे दोन दात एका सकाळी काढले. तेव्हा कुणी वही केली नव्हती."

काका सिव्हिलचे. नोकरीची सगळी वर्षं पावसाचं पाणी आणि सांडपाणी उतारावरून नीट कसं वाहून जाईल हे पाहण्यात गेली. निवृत्त झाले आणि चढाकडे वळले. चढ दिसला की त्यांना तो टक्क्यांतच दिसतो. एकदा देवळाच्या रॅम्पवरून काठी टेकत एक आजी वर येत होत्या. सगळे त्यांचा हात धरायला धावले. काका रॅम्पकडे बघत म्हणाले, "हा नऊ टक्के आहे. नियमात आठ पूर्णांक तेहेतीसच्या वर बसत नाही." मग आजींचा हात धरला. हात धरल्यावर मात्र खुर्चीवर बसवून पाणी देईपर्यंत सोडला नाही.

या चढवेडाचं मूळ कुंभार्ली घाटात असावं असा माझा अंदाज. लहानपणी चिपळूणहून कऱ्हाडला मामाकडे जाताना एसटी घाटात तापायची. ड्रायव्हर गाडी कडेला घेऊन बोनेट उघडायचा, कंडक्टर डबा घेऊन झऱ्यावर जायचा आणि छोटे काका खिडकीतून मान बाहेर काढून वाफ बघायचे. बरोबरची मुलं त्या वेळात करवंदं खायची. काकांच्या डोक्यात तेव्हाच एक गोष्ट पक्की बसली असणार: गाडीची परीक्षा घाटात. पुढे आयुष्यात जे जे समोर आलं त्याला त्यांनी हाच पेपर दिला. नवा मिक्सर आला. काकूंनी चटणी करून दाखवली, छान झाली. काका म्हणाले, "चटणीचं ठीक आहे, पण घाटात?" म्हणजे भिजवलेली उडीद डाळ. लेकीनं मुलगा पसंत केला. काका त्याला भेटून आले, खूश होते. "शांत आहे. वाचतो. स्वयंपाक येतो. पण घाटात?" या घाटाचा अर्थ काकूंनी विचारला नाही, काकांनी सांगितला नाही. लग्न झालं आणि जावई ओमाहाला राहायला गेला. ओमाहा नेब्रास्कात आहे. नेब्रास्कात चढ हवा असेल तर पुलावर जावं लागतं.

"सपाटीवर काय, सगळेच पळतात," हे काकांचं दुसरं वाक्य. ते ऐकू आलं की समजावं, आता वही निघणार.

वहीत एक सूत्र आहे. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर येतं इंजिनाचे मिनिटाचे फेरे. हे ३३६ कुठून आले तेही काकांनी मैलाचे इंच करून, पायनं भागून, समासात सिद्ध केलं आहे. दुसऱ्याचं ३३६ कसं वापरणार? सहा गिअरची पेटी, साडेबत्तीस इंची टायर, ताशी ६५ मैल. ३.७३ ला इंजिन साधारण १५७० फेऱ्यांवर, ४.१० ला १७२० वर. मधल्या दीडशे फेऱ्यांवर काकांनी जेवढा विचार केला आहे तेवढा मी घराचं कर्ज काढतानाही केला नव्हता. आणि बरं, डिझेलचा फरक किती पडतो? "फार नाही," काका म्हणतात. मग ओझं किती जास्त ओढतो? "तुला लागणार नाही एवढं." मग अडलंय कुठे? यावर काका अशा काही दयेनं बघतात की आपणच वरमतो.

दुसऱ्याच्या गाडीचा रेशो ओळखणं हा त्यांचा छंद. जुन्या शेवरोलेच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये सांकेतिक अक्षरांचं एक स्टिकर असायचं. त्यात जीटी४ दिसलं की ३.७३, जीटी५ दिसलं की ४.१०. मंडळाच्या पार्किंगमध्ये काका लोकांना आधी नाव-गाव विचारतात, मग ग्लोव्ह बॉक्स उघडायला सांगतात. स्टिकर नसेल तर खाली वाकून एक्सलच्या झाकणाच्या बोल्टला पत्र्याची चकती आहे का ते पाहतात. एका संक्रांतीला झब्बा घालून ते असे कुणाच्या तरी पिकअपखाली अर्धे गेले होते आणि वर त्या गाडीचा मालक तिळगूळ हातात धरून, कुणाला द्यावा अशा विचारात उभा होता.

एका पोरानं हौसेनं पस्तीस इंची टायर घातले. दिसायला झकास. सगळे फोटो काढत होते. काकांनी खिशातली टेप लावून टायर मोजला, मनात आकडेमोड केली आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "तुझा ३.७३ गेला रे. आता ३.४६ समज." पोरगं दोन मिनिटं गाडीकडे बघत राहिलं. तरी मी म्हणेन, हिशेब चोख होता. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, त्यामुळे इंजिनाच्या दृष्टीनं रेशो खाली येतो. तुम्ही पैसे देऊन ओढण्याची ताकद कमी करून घेता. पण हे सांगायची वेळ टायर घेण्याआधीची, आणि काकांना गाठायचं म्हणजे टायर घेतल्यानंतरच गाठतात लोक.

काकांचं मत नेमकं काय, असं मला बरेच जण विचारतात. माझं निरीक्षण असं की समोरचा जे म्हणेल त्याच्या विरुद्ध. उजवीकडे राहतात ते घोडेवाले आजोबा. त्यांनी जन्मभर घोडे आणि गवताच्या गाठी ओढल्या. ते म्हणतात, ४.१०, दुसरं काही बघूच नका, पुढेमागे मोठा ट्रेलर घ्यावासा वाटला तर पस्तावाल. त्यांच्याशी बोलताना काका ३.७३ चे वकील. वर्षातले किती दिवस ओझं असतं, उरलेले दिवस इंजिन उगाच का फिरवायचं, वगैरे. डावीकडचा नांदेडचा पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे जाऊन काका ४.१० च्या बाजूनं असे भांडतात की घोडेवाले आजोबा ऐकतील तर मिठी मारतील.

या नांदेडकरानं काकांना एक मोठा धक्का दिला. त्यानं नवी शेवरोले घेतली. काकांनी विचारलं, रेशो कोणता निवडलास? तो म्हणाला, निवडायचा नसतो काका. आणि ते खरं निघालं. २०२० च्या मॉडेलपासून त्या कंपनीनं मोठ्या डिझेल पिकअपला सहाऐवजी दहा गिअरची अ‍ॅलिसन पेटी दिली आणि मागचा ३.७३ काढून ३.४२ बसवला. पहिला गिअर आधीपेक्षा बराच खाली गेला, सुरुवातीचा जोर तिथून मिळतो. पुढे दहा गिअर एकमेकांना इतके जवळ की चढाला नेमका हवा तो सापडतो. मग एक्सलनं एवढा भार कशाला घ्यायचा? तांत्रिकदृष्ट्या यात खोट काढायला जागा नव्हती. काकांनी काढली नाही. फक्त विचारलं, "मग विकत घेताना लोक बोलतात काय?" त्या कंपनीच्या नावावर वहीत काट मारली गेली. ज्या गाडीत निवडच नाही ती निवडणार कशी?

काकूंना या चढवेडाची झळ बसली लास वेगासच्या सहलीत. लेकीनं तिकिटं काढून दिली होती. लोक तिथून ग्रँड कॅन्यन बघायला जातात. काका काकूंना घेऊन दक्षिणेला गेले, डेव्हिस डॅमपाशी. तिथून अ‍ॅरिझोनाचा ६८ नंबरचा रस्ता युनियन पासकडे चढतो. सुमारे साडेअकरा मैल, वळणं फारशी नाहीत, सावली अजिबात नाही. अमेरिकेत कुठला ट्रक किती ओझं ओढतो हे ठरवायचं जे प्रमाण आहे, त्यात हा चढ धरला आहे. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण सोडून, ट्रेलरसकट ठरलेला वेग टिकवायचा. काका गाडीतून उतरले, टोपी काढली आणि रस्त्याकडे बघत राहिले. काकूंनी फोटो काढला. तो अजून त्यांच्या फ्रिजवर आहे. पाहुणे विचारतात, हे कुठलं? काकू म्हणतात, "रस्ता आहे. चढतो."

एकदा घोडेवाले आजोबा आपला ट्रेलर डिलनला तळ्याकाठी नेऊन ठेवणार होते. काकांनी मलाही गाडीत घातलं. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० रॉकी पर्वत चढायला लागतो आणि अकरा हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जातो. काका मागच्या सीटवर मधोमध बसलेले, मान दोन सीटांच्या मधून पुढे, नजर फेऱ्यांच्या काट्यावर, मांडीवर वही. मी डोंगर बघत होतो. जॉर्जटाउनच्या चढाला गाडीनं दोन गिअर खाली टाकले. काका पुटपुटले, "चौथा, पन्नास मैल, दोन हजार एकशे वीस. ३.७३ असता तर एकोणीसशे तीस." आजोबा म्हणाले, "तेही चाललं असतं." काकांनी पेन थांबवलं. त्या माणसानं ४.१० घ्या म्हणून जीव खाल्ला होता! "मग तुम्ही ४.१० का घेतलात?" आजोबांनी खांदे उडवले. "लॉटवर तोच उभा होता."

काका बोगदा येईपर्यंत बोलले नाहीत. पण बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्के उतार आहे, आणि तिथं त्यांना पुन्हा कंठ फुटला. हा भाग मला खरंच पटला, म्हणून सांगतो. चढताना गाडी कमी पडली तर फार तर मागचे लोक हॉर्न वाजवतात. उतरताना कमी पडली तर विषय वेगळा. ब्रेक सारखे दाबले तर तापून धरेनासे होतात. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी घुसून थांबावं म्हणून त्या उतारावर कडेला खडीचे चढते रस्ते करून ठेवलेत. डिझेल ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. इंजिनाचाच श्वास कोंडून तो गाडी मागे खेचतो, आणि इंजिन जितकं जास्त फिरतं तितका तो घट्ट धरतो. म्हणजे ४.१० चा तो एक दात चढाला नाही लागला तरी उताराला कामी येतो. आजोबांचा पाय ब्रेकवर जवळजवळ गेलाच नाही. काका त्या पायाकडे खाली वाकून बघत होते. इतकं वाकून, की आजोबांनी शेवटी विचारलं, काही पडलं का?

त्या रात्री वहीत ४.१० भोवती चौकट आली. आठवड्याभरानं चौकटीबाहेर प्रश्नचिन्ह आलं. कारण रेशो नंतर बदलायचा म्हटलं तर फोर-व्हील ड्राइव्हला पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल उघडावे लागतात. नवे दाते एकमेकांना सरावेपर्यंत पाचेकशे मैल ओझं लावायचं नाही. तेव्हा आत्ताच नीट ठरलेलं बरं. आणि आत्ताच ठरवायचं म्हणजे विचार हवा. आणि विचार करायचा म्हणजे घाई नको. ड्राइव्हवेतल्या ट्रेलरच्या पायरीखाली तोवर सशानं घर केलं होतं.

शेवटी डीलरचाच फोन आला. लॉटवर दोन ट्रक आलेत, सगळं सारखं, एक ४.१० चा, एक ३.७३ चा. काका वही घेऊन निघाले. काकू म्हणाल्या, मीही येते. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

दोन्ही ट्रक शेजारी शेजारी उभे होते. काकांनी चष्मा बदलला आणि ४.१० च्या खाली वाकायच्या तयारीत हात गुडघ्यावर ठेवले. काकू त्याच ट्रकच्या दाराशी गेल्या. दार उघडलं, वरचं हँडल धरलं, एक पाय उचलला. पाय सीटच्या खालच्या कडेपर्यंतसुद्धा पोचेना. साडी सावरून पुन्हा उचलला. विक्रेता मदतीला धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग शेजारच्या ३.७३ कडे गेल्या. दार उघडताच बाजूची पायरी आपोआप खाली आली. काकू तिच्यावर पाय ठेवून सावकाश वर गेल्या, सीटवर टेकल्या, पर्स मांडीवर घेतली.

"अहो, हाच."

"अगं, पण घाटात—"

"चढायचं मला आहे," काकू म्हणाल्या.

पायरी वेगळी बसवून मिळते हे विक्रेत्याला माहीत असणार, काकांना तर असणारच. दोघंही बोलले नाहीत. कागद त्याच दुपारी झाले. वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच: '३.७३. सौ.'

पहिली ट्रिप अर्थातच ओमाहाला, लेकीकडे. पाचशेचाळीस मैल, बहुतेक सगळा रस्ता प्लॅट नदीच्या काठानं. काकांचा फोन नॉर्थ प्लॅटहून आला. आवाज पडलेला.

"काका, गाडी कशी आहे?"

"छान आहे. सहाव्या गिअरमधून खालीच येत नाही. ट्रेलर मागे आहे हे तिला कळतच नाही."

"मग झालं की."

"हं. सपाटीवर काय..." ते थांबले. मागून काकूंचा आवाज आला, चहा घेता का. काका म्हणाले, थांब. मग थोड्या वेळानं एकदम वेगळ्या, तरतरीत आवाजात: "अरे, वारा सुटलाय बरं का इथं. पश्चिमेचा. आत्ता पाठीमागून आहे म्हणून काही वाटत नाही. पण परत येताना थेट तोंडावर येणार. अठ्ठावीस फुटी ट्रेलर, दहा-अकरा फूट उंच, म्हणजे बघ, समोरून केवढी भिंत झाली. असा वारा म्हणजे चार-पाचशे मैलांचा घाटच की रे! तुझ्याकडे कागद आहे का जवळ? लिहून घे."